खासगी संग्रहातलं मडकं

बाबा,

गेल्या मंगळवारी एका विद्यार्थिनीने मला विचारलं, ते मडकं नक्की कुठे आहे? तुम्हाला ते आठवत असेल. जे नव्हतंच, आणि ज्याची साक्ष तुम्ही एका प्राध्यापकांसमोर मान डोलावून दिली होतीत, तेच. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि त्या मडक्याला अठ्ठावीस. एवढ्या वर्षांत ते बघायला कुणी मागितलं नाही, म्हणून मी निर्धास्त होते. ही मुलगी स्टॅनमोरची. आईवडील पुण्याचे, दोघंही लंडनला बँकेत जातात. वर्गात ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, पण माझ्या खोलीत दोघीच असलो की तिच्या पद्धतीच्या मराठीवर येते. म्हणाली, "मी सगळे कॅटलॉग चेक केले. इटलीतल्या तीन म्युझियम्सना ईमेल केला. तुमच्या आर्टिकलमध्ये फक्त 'प्रायव्हेट कलेक्शन' लिहिलं आहे. दोन आठवडे मी हेच करते आहे. मला फक्त एक फोटो पाहिजे, प्लीज." मी म्हटलं, बघते. ती थँक यू म्हणून गेली, जाताना दार हळू ओढून घेतलं. बघण्यासारखं काय आहे ते मला माहीत होतं. काहीच नाही.

सुरुवातीपासून लिहिते, कारण तुम्हाला यातली अर्धीच बाजू माहीत आहे. उरलेली अर्धी सांगायची मला कधी हिंमत झाली नाही. तुमच्यासमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, आणि वर्गात दोनशे पोरांपुढे मात्र मी तासभर अडखळत नाही. तुम्ही म्हणायचात, "घरात मांजर, बाहेर वाघ." खरंच होतं ते.

लेस्टरचं आपलं घर. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतलं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यामुळे तिथे आपण आवाज चढवून बोलायचो नाही. रविवारची दुपार आहे. मी सात-आठ वर्षांची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. तुम्ही आधी खिडकीचा पडदा खाली ओढता. मग मागच्या दाराची कडी लावता. मग आईच्या हाताखालचा टी-टॉवेल ओढून घेता, खांद्यावर टाकता, त्याचं टोक मुठीत गच्च धरता आणि पळायला लागता. जागच्या जागी. गुडघे पोटापर्यंत वर येतात, डावा पाय दर वेळी जरा बाहेर फेकला जातो, मान एका बाजूला कललेली, आणि कोपरांनी तुम्ही न दिसणारी माणसं बाजूला सारता. "सरका, सरका! बातमी आहे!" मी ओरडते, "काय बातमी?" तुम्ही म्हणता, "सांगतो की! दम तर घेऊ द्याल!" मग वाट किती लांब होती ते सांगता, वाटेत कुत्रं कसं मागे लागलं, नदीत चप्पल कशी वाहून गेली, आणि हे सगळं पळता पळता. पाणी मागता. मी न दिसणारा तांब्या देते. तुम्ही पिता आणि ते पाणी तुमच्या कानातून बाहेर येतं, म्हणजे तुम्ही कान असा काही झटकता की मला ते दिसतंच. मी हसून हसून स्टुलावरून घसरते. आई तव्याकडे तोंड करून उभी असते, पण तिची पाठ हसत असते. शेवटी ती म्हणते, "पुरे आता, गार होताहेत." तेव्हा तुम्ही थांबता, छाती पुढे काढता आणि एवढ्या लांबून आणलेली बातमी देता. "मालक, पोळ्या झाल्या!" मग पडदा वर जातो, कडी निघते, आणि तुम्ही पुन्हा माझे गंभीर बाबा होता. पडदा कशासाठी, असं मी एकदा आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "शेजारणीला वाटेल वेड लागलं." मला ते पटलं. मुलांना काहीही पटतं.

दुसरी आठवण मी तेरा वर्षांची असतानाची. घराची किल्ली हरवली म्हणून मी तुमच्या हॉस्पिटलमध्ये आले होते, आणि पोर्टर लोकांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. तुमचा सुपरवायझर तुम्हाला झापत होता. एका म्हातारीला एक्स-रे करून तिच्या वॉर्डवर परत न्यायचं, ते तुम्ही तिसऱ्यांदा तिला भलत्याच मजल्यावर नेलं होतं. तुम्ही उभे होतात, हात जोडलेले, मान डोलावत, आणि तुमच्या तोंडून मी कधी न ऐकलेलं इंग्रजी येत होतं. "सॉरी बॉस! लिफ्ट व्हेरी कन्फ्यूजिंग, बॉस! ऑल बटन सेम सेम!" खोलीतले सगळे हसले. सुपरवायझरही हसला, त्याने तुमच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, तुझं काय करायचं रे बाबा. तुम्ही बी. ए. झालेले. संध्याकाळी इंग्रजी पेपर अग्रलेखापासून वाचणारे. माझे निबंध तपासताना स्वल्पविराम सुद्धा न सोडणारे. मी बसमध्ये तुमच्या शेजारी बसले नाही, मागच्या सीटवर बसले. तुम्ही मान वळवून मला सांगितलंत की त्या म्हातारीचा नवरा तिसऱ्या मजल्यावर आहे, दोघं एका हॉस्पिटलमध्ये असून महिनाभर एकमेकांना भेटले नव्हते, नियमात बसत नव्हतं म्हणून. तुमच्या चुकीमुळे त्यांना वीस वीस मिनिटं मिळत होती. मी म्हटलं, "पण यू मेड अ फूल ऑफ युवरसेल्फ." तुम्ही म्हणालात, "बाळा, वेड पांघरून पेडगावला जायचं असतं. वेडा कोण झाला ते नीट बघ." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला फक्त तुमचे जोडलेले हात दिसत होते.

म्हणूनच असेल, युनिव्हर्सिटीत लॅटिन शिकताना तो मला भेटला तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधल्या विनोदी नाटकांतला हुशार गुलाम. गोष्ट बहुतेक एकच असते. मालकाचा मुलगा कुणाच्या तरी प्रेमात पडलेला, त्याला स्वतःला काडीची अक्कल नसते, तो नुसता रडतो. बाप कडक. मग घरचा गुलाम सगळी सूत्रं हातात घेतो, थापा मारतो, सोंगं काढतो, म्हाताऱ्या मालकाला बनवतो, आणि मुलाचं काम करून देतो. मुखवटा लाल केसांचा, तोंड मोठं, पोट सुटलेलं. आणि तो बातमी घेऊन पळत येतो, अंगावरचं वस्त्र गोळा करून खांद्यावर टाकलेलं, वाटेतल्या लोकांना ढकलत, आणि किती तरी वेळ बातमी सांगतच नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत एकटीच हसले होते. मला पोळ्यांचा वास आला होता. सगळ्या नाटकात शहाणा तो एकटाच असतो, पण पाठीवर चाबूक कायम लटकलेला. सगळे विनोद त्या चाबकावरच चालतात. शेवटी कधी त्याला मुक्त करतात, कधी करत नाहीत. आणि ते काम करणाऱ्या नटांत खरेच गुलाम असायचे, काम बिघडलं तर पडद्यामागे खरा मार. यावर मी प्रबंध लिहायला घेतला. माराच्या विनोदांबद्दल मी लिहिलं की तो नाट्यसंकेत आहे. तुम्ही फोनवर विचारलंत, "काय शिकतेस आता?" मी थोडक्यात सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "मार पडतो का त्याला?" मी म्हटलं, स्टेजवर क्वचितच, बहुतेक नुसती धमकी असते. तुम्ही म्हणालात, "धमकी पुरते." आणि मग हवेबद्दल बोललात.

प्रबंध संपत आला त्या वर्षी आमच्या विभागाने त्यातलं एक नाटक इंग्रजीत करायचं ठरवलं आणि दिग्दर्शन माझ्याकडे आलं. त्याच महिन्यात प्राध्यापक एका फेलोशिपसाठी नाव पाठवणार होते, आणि सगळ्यांना माहीत होतं की नाटक ही माझी परीक्षा आहे. गुलामाचं काम करणारा मुलगा डेव्हनचा होता, उंच, चांगल्या शाळेत शिकलेला. त्याला पळता येईना. म्हणजे तो मैदानावर पळाल्यासारखा पळायचा. एका दुपारी तालमीत मी उठले, खांद्यावर स्वेटर टाकला आणि त्याला तुमचं पळणं करून दाखवलं. गुडघे, कोपर, बाहेर पडणारा डावा पाय, कानातून येणारं पाणी, सगळं. तालमीची खोली दोन मिनिटं नुसती हसत होती. मुलगा तरबेज, त्याने तीन दिवसांत ते उचललं. मी तुम्हाला फोन केला की नाटकासाठी पांढरा सुती पंचा लागतोय, कॉस्च्यूमला. कशासाठी ते सांगितलं नाही, मला वाटलं गंमत होईल, बाबांना सरप्राइज. तुम्ही बेलग्रेव्ह रोडवर चार दुकानं फिरून दोन नवे पंचे आणलेत, धुऊन, इस्त्री करून, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून पोस्टाने पाठवलेत. एक वापरायला आणि एक, चिठ्ठीत लिहिलं होतं, "मळला तर बदलायला."

शनिवारचा दुपारचा खेळ होता. आईची फॅक्टरीत शिफ्ट होती, म्हणून तुम्ही एकटेच आलात, लग्नाकार्याचा सूट घालून. मी दिवे सांभाळणाऱ्या मुलापाशी मागे उभी होते. तिथून मला तुमचं डोकं दिसत होतं, पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पहिल्या अंकात तुम्ही दोनदा हसलात, मी मोजलं. मग गुलाम बातमी घेऊन पळत आला. तुमच्या पंच्याचं टोक मुठीत धरून. सगळं सभागृह हसलं, बाबा, इतकं हसलं की मुलाला थांबावं लागलं. आणि तुम्ही उठलात. घाईने नाही. कोट हातावर घेतलात, कडेच्या माणसाला "एक्स्क्यूज मी" म्हटलंत आणि दार हळू उघडून बाहेर गेलात. मला वाटलं टॉयलेटला गेले असतील. पाच मिनिटांनी मी कॉरिडॉरमध्ये डोकावले. तुम्ही नोटीसबोर्डसमोर उभे होतात, पाठ माझ्याकडे. सायकल विकणे आहे वगैरे चिठ्ठ्या वाचत होतात. मी हाक मारली नाही. मला आत जायचं होतं, पुढचे दिवे चुकले असते. नाटक संपेपर्यंत तुम्ही आत आला नाहीत.

नंतर वरच्या हॉलमध्ये वाइन आणि चीज. तुम्ही हातात ऑरेंज ज्यूस घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "छान झालं." तेवढ्यात प्राध्यापक आले. भला माणूस होता, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी विचारलं, ते पळणं विलक्षण होतं, तुला सापडलं तरी कुठे? मी आजवर शेकडो वेळा त्या क्षणात परत गेले आहे. उत्तर माझ्या उजव्या हाताला एका फुटावर उभं होतं. नुसतं बोट दाखवायचं होतं. पण माझ्या मनात आलं की प्रबंधाला पुरावा लागतो, आणि लेस्टरमधल्या पोर्टरचं स्वयंपाकघर हा पुरावा नाही. हे मी स्वतःला नंतर दिलेलं कारण आहे. खरं कारण एवढंच की मला लाज वाटली. मी म्हटलं, "एका मडक्यावर. दक्षिण इटलीतलं आहे, जुनं. त्यावर तसा पळणारा माणूस काढलाय." त्यांचे डोळे चमकले. कुठल्या संग्रहालयात? मी म्हटलं, खासगी संग्रहात. कुणाच्या? मी फक्त त्यांच्या टायकडे बघत राहिले.

तेव्हा तुम्ही पुढे झालात. ग्लास टेबलावर ठेवलात, हात जोडलेत, मान डोलावायला लागलात, आणि पोर्टरच्या खोलीतलं ते इंग्रजी पंधरा वर्षांनी पुन्हा माझ्या कानावर आलं. "व्हेरी ओल्ड पॉट, सर! व्हेरी व्हेरी ओल्ड! आय ऑल्सो सी फोटो. मॅन रनिंग, रनिंग, लेग लाइक धिस! ओनर व्हेरी शाय मॅन, सर. नो नेम, नो नेम!" आणि तोंडावर बोट ठेवलंत. प्राध्यापक खो खो हसले. मग तुम्ही त्यांना सांगायला लागलात की येताना मोटरवेवरच्या थांब्यावर तुम्ही चुकीच्या गाडीत कसे बसलात, आणि आतल्या बाईने तुम्हाला सँडविच कसं दिलं. असं काही घडलं नव्हतं. पाच मिनिटांत ते मडकं विसरले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझे वडील फारच गमतीशीर आहेत. दोन आठवड्यांनी फेलोशिप मला मिळाली.

गाडीत मी घरी तुमच्याबरोबर येत होते. जूनचा महिना, सात वाजून गेले तरी ऊन डोळ्यांवर येत होतं आणि तुम्ही सनशेड खाली केली होती. मी विचारलं, "तुम्ही तसं का केलंत?" तुम्ही म्हणालात, "तुझं काम अडलं होतं ना? झालं ना?" मग तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता बोलायला लागलात, आणि तुमची भाषा बदलली, नगरकडच्या तुमच्या गावची झाली. "ती चाल माझ्या बाची हाय. बा तमाशात सोंगाड्या व्हता. मालकाची बातमी घेऊन पळत यायचा. राजाला, पाटलाला तोंडावर असा झाडायचा की माणसं लोळायची. खेळात सगळ्यात शाणा त्योच. आन् सकाळी त्याच पाटलाच्या दारात लांब हुबा ऱ्हायचा, भाकरीसाठी. वरनं टाकायचे. पाटील म्हणायचा, कालचं पळून दाखव, मग घालतो. बा पळून दाखवायचा. मी लहान व्हतो, त्याच्या शेजारी हुबा असायचो." इंडिकेटर लावून तुम्ही एक लॉरी मागे टाकलीत. "मग धम्म घेतला. त्याच हप्त्यात बाने फड सोडला. म्हणाला, पळून मिळणारी भाकर माझी पोरं खाणार न्हाईत. पर पायातनं जाईना त्याच्या. मग कधीमधी दार लावून करायचा. आमच्यापुरतं. आई हसायची, आम्ही हसायचो, बास. म्हणून मीबी दार लावून."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं न्हवतं. तुझी चूक न्हाई." आणि थोड्या वेळाने, अगदी सावकाश, "बाने ती दारातनं उचलून घरात आणली. तू परत दारात नेऊन ठेवलीस." आयुष्यात तुम्ही माझ्यावर हात उचलला नाहीत, आवाज चढवला नाहीत. हे एकच वाक्य बोललात, तेही गाडी चालवता चालवता, आणि लगेच माझ्या बाजूची काच थोडी वर केलीत, कारण मला वारा लागत होता.

लेस्टरच्या अलीकडे तुम्ही एक प्रश्न विचारलात. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "मी बाहेर होतो, शेवट राहिला बघायचा. सुटतो का तो?" मी म्हटलं, "हो. सुटतो." तुम्ही म्हणालात, "बरं झालं." आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुमचा चेहरा सैल पडला. आईने वरणभात करून ठेवला होता. आपण जेवलो.

त्यानंतर स्वयंपाकघराचा पडदा तुम्ही कधी खाली ओढला नाहीत. मी वाट बघायचे, प्रत्येक रविवारी. माझी मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा तिला स्टुलावर बसवून मीच पडदा ओढला, कडी लावली आणि म्हटलं, बाबा, एकदाच करून दाखवा ना हिला. तुम्ही तिच्या केसांवरून हात फिरवलात. "पाय दुखतात गं आता." नंतर काही महिन्यांतच तुम्ही गेलात, त्याच हॉस्पिटलमध्ये, जिथल्या सगळ्या लिफ्ट तुम्हाला पाठ होत्या. शेवटचा आठवडा मी रोज तुमच्या उशाशी होते. माफी मागायला सात दिवस होते माझ्याकडे. मी हवेबद्दल बोलले, माझ्या मेडनहेडच्या घराचं छप्पर गळतं त्याबद्दल बोलले, आणि तुमच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

आणि मडकं मोठं होत गेलं. प्राध्यापकांनी ते एका भाषणात सांगितलं. मग मला लेख लिहावाच लागला, आणि त्यात ती एक ओळ, खासगी संग्रहात, अप्रकाशित. पुढे आणखी दोघांनी माझा हवाला दिला. आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात गावाने मडकं बांधलं होतं, थुंकायला, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्याच घरातल्या शिकलेल्या मुलीने आजोबांनाच मडकं करून ठेवलं, तेही कुणा लाजाळू श्रीमंताच्या मालकीचं. हे मला या मंगळवारी, ती मुलगी गेल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी शिकवत आले की या नाटकांत मालकाचा मुलगा सगळ्यात पोकळ असतो, सगळं त्याला मिळतं आणि तो कशाचीच किंमत देत नाही. पोरं वहीत उतरवून घेतात. तुम्ही मला कायम त्या सुपरवायझरसमोर उभे असलेले आठवलात. पण तुम्ही सर्वांत मोठं सोंग काढलंत ते माझ्यासाठी, आणि हात जोडलेत ते माझं काम व्हावं म्हणून. मी तुमची मुलगी होते, बाबा, आणि त्या हॉलमध्ये मी तुम्हाला चाकर म्हणून वापरलं.

आज रविवार. दुपारी मी इथल्या स्वयंपाकघराचा पडदा खाली ओढला. तुमच्या त्या दोन पंच्यांतला दुसरा, मळला तर बदलायचा, माझ्याकडे अजून आहे, टिश्यू पेपरसकट. तो खांद्यावर टाकला आणि पळून बघितलं. माझे गुडघे आता फार वर येत नाहीत. पण डावा पाय आपोआप बाहेर पडला, मी काही न करता. तेव्हा मी खाली बसून खूप रडले.

मग त्या मुलीला लिहिलं. मडकं नाही, कधीच नव्हतं. ती चाल माझ्या आजोबांची आहे, ते तमाशात सोंगाड्या होते, मला ती माझ्या वडिलांनी दाखवली, ते हॉस्पिटलमध्ये पोर्टर होते. तुझे दोन आठवडे मी वाया घालवले, त्याबद्दल माफी मागते. आजोबांचं आणि तुमचं, दोन्ही नावं पूर्ण घातली. लेख छापणाऱ्यांनाही लिहिलं. आता जे व्हायचं ते होईल, नाही तरी मला निवृत्त व्हायला दोनच वर्षं आहेत. विभागात बोलतील, बोलू देत. तासाभरात तिचं उत्तर आलं. मला वाटलं रागावली असेल. तिने लिहिलं होतं, "कॅन यू शो मी?" त्याला मी उत्तर दिलेलं नाही. नाव जगाला सांगायचं, पण चाल दाराच्या आतच ठेवायची, एवढं मला तुमच्या त्या वाक्यातून समजलंय. तिला घरी बोलावून, कडी लावून दाखवली तर तुम्हाला चालेल की नाही, ते मात्र समजत नाही. तुम्हाला विचारता येत नाही, आणि दुसरं कुणी उरलेलं नाही.

हे पत्र मी पंच्याच्या घडीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या शनिवारी मी दोन वेळा खोटं बोलले होते. प्राध्यापकांशी बोललेलं आज दुरुस्त केलं. दुसरं तुमच्याशी बोलले, गाडीत, लेस्टरच्या अलीकडे. नाटकाच्या शेवटी म्हातारा मालक गुलामाला म्हणतो, या वेळी तुझा मार माफ. मग मालक आत जातो, मुलगा आत जातो, सगळे जेवायला आत जातात, आणि तो त्यांच्या मागून जातो, दिवे लावायला. एवढंच आहे. तो नाही सुटत, बाबा. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला माहीत होतं.